जेसीबीला जेसीबीच म्हणायचं

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात तीन जणांनी एकच मजकूर टाकला. वर पिवळ्या यंत्राचा फोटो, खाली "९९ टक्के लोकांना हे माहीत नाही" ही ठरलेली सुरुवात. पुढचा मथितार्थ असा : जेसीबी हे यंत्राचं नाव नाही, कंपनीचं आहे. यंत्राचं खरं नाव 'बॅकहो लोडर', म्हणजे आपण जन्मभर चुकीचं बोलत आलो. तसंच झेरॉक्स नव्हे, फोटोकॉपी. बिसलेरी नव्हे, मिनरल वॉटर. डालडा नव्हे, वनस्पती तूप. असला अडाणीपणा फक्त आपल्याकडे चालतो, परदेशात कुणी असं बोलत नाही. कंपन्यांचा फुकटात प्रचार होतो, म्हणून त्या मनातून खूश असतात. शिवाय एकदा नाव लोकांच्या तोंडी बसलं की कंपनीचा त्यावरचा हक्क कायद्याने संपतो, जसा ॲस्पिरिनचा संपला. आणि शेवटी नेहमीचा हुंदका : अशा शब्दांनीच मराठी मरते आहे.

पहिल्यांदा पाठवला तो आमच्या काकांनी. त्यांना ग्रुपवरच उत्तर देणार होतो, पण लिहायला बसलो तर ते ग्रुपच्या मापाचं राहिलं नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. जेसीबी हे कंपनीचं नाव आहे, हे खरंच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने १९४५ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात एका भाड्याच्या गॅरेजात काम सुरू केलं आणि आपल्या नावाची आद्याक्षरं धंद्याला दिली. पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेलं त्यांचं यंत्र १९५३ च्या सुमाराचं. भारतात कंपनी १९७९ साली आली, हरियाणात बल्लभगडला. आता आपल्या पुण्याजवळही कारखाना आहे. इथवर फॉरवर्ड बरोबर. गडबड 'म्हणजे आपण चुकीचं बोलत आलो' या वाक्यापासून सुरू होते.

"खरं नाव बॅकहो लोडर आहे"

वस्तूचं खरं नाव कशाला म्हणायचं, ते मला मामाच्या शेततळ्याच्या वेळी कळलं. सिन्नर तालुक्यात मामाची आठ एकर जमीन, बहुतेक कोरडवाहू. तळं खोदायचं ठरलं तेव्हा मामाने यंत्रवाल्याला फोन लावला, मी शेजारीच ओसरीवर होतो. फोन स्पीकरवर, कारण मामाला कानाला लावून बोलणं जमत नाही.

"दादा, जेसीबी पाठवता का? तळं खोदायचंय."

"खाली काय लागतंय भाऊ? माती का मुरूम?"

"वर हातभर माती, खाली मुरूमच. मधी मधी दगड बी आहे."

"मग जेसीबीचं काम नाही ते. पोकलेन लागंल. जेसीबी देतो, पण माती सारायला अन् बांध घालायला. खोदायला पोकलेनच."

तीस सेकंदांचं बोलणं. त्यात दोन कंपन्यांची नावं आली आणि दोन्ही कंपन्यांशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. जेसीबी म्हणजे चार टायरांवर स्वतः रस्त्याने चालत येणारं यंत्र. पुढे माती लोटायला रुंद बकेट, मागे सोंडेसारखा हात. तो हात अर्ध्या वर्तुळात फिरतो आणि पंधराएक फूट खोल जातो. पोकलेन म्हणजे लोखंडी साखळीच्या पट्ट्यांवर सरपटणारं, वरचं अख्खं धड गरागरा फिरवणारं. ते रस्त्याने येत नाही, ट्रेलरवर चढवून आणावं लागतं, म्हणून त्याचं आणणं-नेणं वेगळं लावतात. हा फरक सिन्नरच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे आणि तो त्या दोन शब्दांत नेमका साठवलेला आहे.

दोन दिवसांनी यंत्रं आली. पहिल्याच्या अंगावर भलत्याच कंपनीचं नाव होतं, दुसऱ्यावर एका जपानी कंपनीचं. जेसीबी किंवा पोकलेन ही अक्षरं कुठेच नाहीत. मामाने हूं की चूं केलं नाही, कारण मागवलं होतं तेच आलं होतं. काम संपल्यावर यंत्रवाल्याने वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला : जेसीबी ६ तास, पोकलेन १९ तास. मामाने फोनवर 'बॅकहो लोडर' मागितला असता तर तळं अजून कागदावर असतं.

पोकलेनची गोष्ट तर फॉरवर्डवाल्यांना ठाऊकच नसावी, नाहीतर ती त्यांनी सोडली नसती. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी. तेलाच्या दाबावर चालणारी खोदयंत्रं बनवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ती एक. भारतात तिच्या सहकार्याने लार्सन अँड टुब्रोने ही यंत्रं बनवली, आणि धरणं-कालव्यांच्या कामांबरोबर ते नाव गावोगाव पोचलं. पुढे फ्रान्समधल्या मूळ कंपनीचा खोदयंत्रांचा धंदा अमेरिकेच्या केस कंपनीकडे गेला. आज पोक्लेन नावाने जी कंपनी चालते ती हायड्रॉलिक मोटर आणि पंप बनवते, खोदयंत्रं बनवत नाही. म्हणजे ज्या कंपनीच्या नावाने आपण यंत्र ओळखतो, ती ते यंत्र आता विकतच नाही. मग 'पोकलेन' हे कुणाचं नाव? सिन्नरचं, जतचं, माढ्याचं. हेच यंत्र कर्नाटकात आणि केरळात गेलं की 'हिटाची' होतं.

याच खाणीतला तिसरा शब्द हायवा. वर्तमानपत्रात आठवड्याला एकदा तरी 'वाळूचा हायवा पकडला' अशी बातमी असते. हायवा ही मूळची नेदरलँड्सची कंपनी. ती ट्रक बनवत नाही, ट्रकचा मागचा हौदा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा बनवते. म्हणजे तहसीलदाराने पकडलेला हायवा हा खरं तर कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीचा ट्रक असतो आणि हायवाचा त्यात फार तर दांडा असतो. पण 'हायवा' म्हटल्यावर दहा किंवा अधिक चाकांचा, हौदा मागे उलटणारा मोठा टिपर डोळ्यांपुढे येतो. ट्रॅक्टर-ट्रॉली येत नाही, साधा ट्रकही येत नाही.

आता 'खऱ्या' शब्दांकडे वळू. बांधकाम पाडण्याच्या बातमीत वाहिन्या नेमाने 'बुलडोझर' म्हणतात. पडद्यावर पाहा : बहुतेक वेळा तिथे टायरवाला, मागे हात असलेला जेसीबी असतो. बुलडोझर म्हणजे समोर रुंद लोखंडी पातं असलेलं, माती ढकलत नेणारं यंत्र. म्हणजे शब्दकोशातला, कुणाच्याही मालकीचा नसलेला शुद्ध शब्द इथे चुकतो आणि गल्लीतलं पोरगं "जेसीबी आला" म्हणतं ते बरोबर निघतं.

पाण्याचं त्याहून मजेशीर. फॉरवर्ड म्हणतं, बिसलेरी नका म्हणू, मिनरल वॉटर म्हणा. भारतीय मानकांत 'नॅचरल मिनरल वॉटर' ही वेगळी चीज आहे (आयएस १३४२८) आणि 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' वेगळी (आयएस १४५४३). एसटी स्टँडवर मिळते ती बाटली जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारची असते. लेबलवर तसं छापलेलंच असतं. मिनरल वॉटर म्हणजे झऱ्याचं, जमिनीखालच्या नैसर्गिक स्रोताचं, मुळातच खनिजं असलेलं पाणी. तेव्हा दुरुस्ती सुचवणाऱ्याने सुचवलेला शब्दच चुकीचा आहे. स्टँडवरच्या माणसाच्या 'बिसलेरी'चा अर्थ 'बंद बाटलीतलं पिण्याचं पाणी' एवढाच असतो आणि तो चोख आहे.

आणि ज्यांना आपण निर्विवाद 'खरी नावं' समजतो, त्यांचा कुळाचार काढला तर? एस्केलेटर हे ओटिस कंपनीचं व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, होतं. हेरॉइन हे बायर कंपनीने १८९८ साली खोकल्याच्या औषधाला दिलेलं बाजारी नाव. केरोसीन हे अब्राहम गेस्नर यांनी १८५४ साली नोंदवलेलं व्यापारचिन्ह. गंमत म्हणजे मराठीने नेमकं केरोसीन घेतलं नाही. आपण 'रॉक ऑइल'चं रॉकेल केलं आणि 'गॅसलाइट'चं घासलेट. रेशनच्या रांगेत तासन् तास उभी राहिलेली पिढी रॉकेलसाठी भांडली, केरोसीन कार्डावर छापलेलं होतं तेवढंच.

"परदेशात कुणी असं बोलत नाही"

यावर फार वेळ घालवायला नको. खुद्द ब्रिटनमध्ये लोक कुठल्याही कंपनीच्या तसल्या यंत्राला जेसीबी म्हणतात. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात तो शब्द आहे. तिथे घर झाडण्याच्या यंत्राला हूवर म्हणतात, आणि त्याचं क्रियापदही केलेलं आहे. फ्रेंच माणसं फ्रिजला फ्रिजिडेर म्हणायची, तेही एका अमेरिकी कंपनीचं नाव. पोलंडमध्ये तर सायकलला सर्वसाधारण शब्दच 'रोव्हेर' आहे, इंग्लंडच्या रोव्हर कंपनीच्या सायकलींवरून आलेला. पोलिश माणूस अडाणी ठरवायचा असेल तर आपणही त्याच्या शेजारी बसू, सोबत चांगली आहे.

"कंपन्या मनातून खूश असतात"

खूश असत्या तर बिसलेरीने 'हर पानी की बोतल बिसलेरी नहीं' अशी जाहिरात कशाला केली असती? उंटांची ती जाहिरात आठवत असेल. तिचा सगळा रोख हाच होता की तुम्ही आमचं नाव घेता आणि दुकानदार हातात दुसरीच बाटली ठेवतो. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीने वर्षानुवर्षं पैसे मोजून वर्तमानपत्रांत विनवण्या छापल्या, की बाबांनो, आमचं नाव क्रियापद म्हणून वापरू नका. ॲडोबीच्या नियमांतही फोटोशॉपचं क्रियापद करू नका असं सांगितलेलं आहे. ज्याला फुकट प्रचार म्हणतात तो बंद करण्यासाठी या कंपन्या स्वतःचा पैसा खर्च करतात.

प्रचार फुकट होतो हे खरं, पण कुणाच्या मालाचा? आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मी कानांनी ऐकलेला संवाद आहे. "कोलगेट द्या." "कोणतं देऊ?" "ते लाल, लवंगवालं, स्वस्तातलं असतं ते." दुकानदाराने तिसऱ्याच कंपनीची ट्यूब दिली, बाईंनी पिशवीत टाकली, विषय संपला. यात कोलगेटला काय मिळालं?

शिवाय नाव सगळ्या जातीच्या मालाचं झालं की त्या जातीची बदनामीही त्याच नावावर चढते. डालड्याचं हेच झालं. १९३७ साली लिव्हर कंपनीने हे वनस्पती तूप इथे आणलं. 'दादा' हे एका डच कंपनीचं नाव. त्यात लिव्हरचा 'ल' घुसवून डालडा तयार झालं. पिवळा डबा, त्यावर माडाचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात तुळस, कोरफड, नाहीतर पत्र्याचं झाकण लावून भुईमुगाचे दाणे. इतकं घरातलं नाव! आणि लग्नाच्या पंगतीत जिलबी तोंडात टाकून कुणी "डालड्यातली दिसते" म्हटलं की यजमानाचा चेहरा उतरायचा. साजूक नसलेलं ते सगळं डालडा, मग डबा कुणाचाही असो. एवढ्या मशहूर नावाचं लिव्हरने शेवटी काय केलं? २००३ साली बंगे कंपनीला विकून टाकलं.

एवढं मात्र कबूल, की काही कंपन्या ही आग स्वतःच लावतात आणि तिच्यावर शेकतातही. फेविकॉलच्या जाहिरातींनी 'फेविकॉलचा जोड' हा वाक्प्रचारच करून टाकला, आणि त्यांचं काही बिघडलं नाही. पण तो अपवाद आहे आणि त्यामागे बाजारातली जबर पकड आहे. सुतार फेविकॉल मागतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला फेविकॉलच हवा असतो.

"कंपनीचा हक्क कायद्याने संपतो"

इथे फॉरवर्ड स्वतःच्याच पायात पाय अडकवून पडतं. मागच्या मुद्द्यात कंपनी खूश होती, या मुद्द्यात तिचा हक्कच गेला. हक्क गेल्यावर कोण खूश होतं? पण ते सोडू, कारण हा मुद्दा खरोखर खोलात जाण्यासारखा आहे आणि लोक तो फार ढोबळ सांगतात.

ॲस्पिरिनचंच घ्या. बायरने १८९९ साली हे नाव नोंदवलं. अमेरिकेत पेटंट १९१७ पर्यंत होतं, तोवर ते औषध दुसऱ्या कुणाला बनवता येत नव्हतं. लोकांना त्या गोळीसाठी दुसरा शब्दच नव्हता. रासायनिक नाव 'ॲसिटिल सॅलिसिलिक ॲसिड', ते डोकं दुखत असताना कोण म्हणणार? पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने जर्मन बायरची तिथली मालमत्ता जप्त केली आणि १९१८ मध्ये लिलावात विकली. मग नावाचा वाद न्यायालयात गेला. १९२१ साली न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ॲस्पिरिन हे औषधाचंच नाव झालंय, म्हणून त्याला विकताना ते कुणीही वापरावं. पण डॉक्टर, औषधविक्रेते आणि उत्पादक यांना दुसरं नाव माहीत आहे, त्यांच्याशी व्यवहार करताना ते चिन्ह मालकाचंच राहील. एकाच शब्दाचे दोन हिस्से केले, कोण कुणाशी बोलतोय यावरून. आणि ही गोष्ट अमेरिकेपुरती. जर्मनीत, कॅनडात आजही ॲस्पिरिन हे बायरचं व्यापारचिन्ह आहे. 'जसा ॲस्पिरिनचा संपला' हे वाक्य टोरांटोत म्हटलं तर खोटं ठरतं.

थर्मासची कहाणी कंपन्यांनी भिंतीवर लावण्यासारखी आहे. सुरुवातीच्या काळात कंपनी स्वतःच मिरवायची की आमचं नाव घरोघरी पोचलंय. पुढे अलादीन नावाच्या स्पर्धकाशी दावा लागला, तेव्हा १९६३ च्या निकालात ही बढाई तिच्याच गळ्यात आली. न्यायालयाने अलादीनला तो शब्द वापरायची मुभा दिली, पण अटी घातल्या : आधी 'अलादीन'चं नाव हवं आणि थर्मासचं पहिलं इंग्रजी अक्षर लहान लिपीतलं हवं. हे वाचून मी बराच वेळ हसत होतो. देवनागरीत मुळात मोठं अक्षर-लहान अक्षर ही भानगडच नाही. आपल्या लिपीत झेरॉक्स आणि खुर्ची एकाच उंचीच्या; असला तोडगा सिन्नरच्या न्यायालयात चालला नसता.

भारतात कायदा काय म्हणतो? १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं कलम ३६ फॉरवर्डच्या बरोबर उलट आहे. नोंदणीनंतर लोक तो शब्द वस्तूचं नाव म्हणून वापरू लागले, एवढ्याच कारणाने नोंदणी बाद होत नाही, असं ते कलम सुरुवातीलाच सांगतं. बाद व्हायची तर मुख्य अट अशी की, त्या मालाचा धंदा करणारे लोकच मालकाशी संबंध नसलेल्या मालाला ते नाव लावतात आणि तसा वापर सर्वज्ञात, प्रस्थापित झालाय, हे सिद्ध झालं पाहिजे. मामाने ओसरीवरून कशाला काय म्हटलं, याला कायदा हात लावत नाही. दुसऱ्या कंपनीने आपल्या यंत्रावर जेसीबी रंगवलं, तर हात लावेल.

झेरॉक्सचं चिन्ह भारतात रद्द करा, ही मागणी बौद्धिक संपदा अपिलीय मंडळापुढे झालीही होती. २०१२ साली ती फेटाळली गेली. देशातल्या प्रत्येक तहसील कचेरीबाहेर 'येथे झेरॉक्स काढून मिळेल' अशा पाट्या असताना! पाटी लावणारा तर धंदेवालाच, तरीही चिन्ह टिकलं. क्रियापद झालं की खेळ खलास, असंही म्हणतात. त्यावर अमेरिकेतलं गुगलचं प्रकरण आहे. एका माणसाने 'गुगल' हा शब्द असलेली ७६३ संकेतस्थळ-नावं घेऊन ठेवली होती. ती काढून घेतली गेल्यावर गुगलचं चिन्हच बाद करायची मागणी झाली. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की लोक 'गुगल करतो' म्हणत असले तरी तेवढ्याने ते शोधयंत्रांचं सामान्य नाव ठरत नाही. तेव्हा तुम्ही खुशाल गुगल करा, कंपनीच्या छातीत दुखणार नाही.

"अशा शब्दांनीच मराठी मरते आहे"

माझं इथे काकांशी खरं भांडण आहे. तीन वाक्यं मोठ्याने म्हणा. जेसीबी आला. पोकलेन आलं. झेरॉक्स काढली. पुल्लिंग, नपुंसकलिंग, स्त्रीलिंग. कुणी ठरवलं? भाषा संचालनालयाने परिपत्रक काढलेलं नाही. माणसांनी शब्द तोंडात घेतला आणि तिथेच त्याची जात लावली. डालडा तर पुरताच मुरला : घोडा, घोड्याचा, घोड्यात, डालडा, डालड्याचा, डालड्यात. हॉलंडमधल्या कुणा कंपनीच्या नावाला मराठी सामान्यरूप झालं. मरणारी भाषा असं पचवत नाही. हायवा अजून तितका मुरलेला नाही, 'हायवाने धडक दिली' असंच छापतात, पण दहा वर्षं थांबा. आणि 'पोरगा बापाची झेरॉक्स आहे' म्हणणाऱ्या आजीला अमेरिकेतल्या रॉचेस्टरची झेरॉक्स कंपनी आठवते का?

मराठी शब्द सुचले आणि सोयीचे असले तर लोक घेतात. रेल्वे स्टेशनवरचा सरकता जिना सगळ्यांच्या तोंडी आहे, एस्केलेटर बंद पडला म्हणणारेही आहेत, दोघांचं चालतं. टाटांच्या एस या छोट्या मालवाहू गाडीला लोकांनी आपल्या डोक्याने 'छोटा हत्ती' म्हटलं, आणि आता त्याच मापाची दुसऱ्या कंपनीची गाडीही छोटा हत्तीच असते. छायांकित प्रत मात्र सरकारी अर्जातून बाहेर आली नाही. अर्ज भरणारा माणूस 'छायांकित प्रत जोडावी' वाचतो आणि शेजारच्याला विचारतो, झेरॉक्स कुठे काढतात?

उलटाही प्रवास आहे, तो कुणी फॉरवर्ड करत नाही. टेलिव्हिजनसाठी 'दूरदर्शन' हा किती सुरेख शब्द होता. तो सरकारी वाहिनीचं नाव झाला आणि वस्तूसाठी वापरायला उरलाच नाही. घरात दूरदर्शन आहे म्हटलं तर लोक विचारतील, फक्त तेवढंच दिसतं का? म्हणून टीव्ही. आकाशवाणीचंही तेच. इथे संस्थेच्या नावाने भाषेचा शब्द खाल्ला, तोही संस्कृतातून आलेला. आणि निरोध? १९६८ साली सरकारने आणलेल्या कंडोमचं ते नाव. ते एका पिढीसाठी त्या वस्तूचंच नाव झालं. परदेशी कंपनी नाही, इंग्रजी नाही, तरी गाडी त्याच रस्त्याने गेली. रस्ता भाषेचा आहे, गुलामीचा नाही.

खरी काळजी घ्यायला हवी ती एकाच ठिकाणी, आणि तिचा त्या फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही. औषधं. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही तीन नावं आहेत, औषध एकच, पॅरासिटामॉल. ताप उतरत नाही म्हणून एक गोळी डॉक्टरांची, एक शेजारच्यांनी सांगितलेली आणि वर सर्दीची तिसरी, जिच्यात पुन्हा पॅरासिटामॉल. असं घेणारी माणसं मी घरात पाहिली आहेत. त्याचा जादा डोस यकृताला महागात पडतो. पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावाच्या आसपास औषधाचं नावही छापलेलं असतं, आणि काकांचा चष्मा तिथे पोचायला हवा.

हे सगळं मी काकांना पाठवलं. दोन दिवस दोन निळ्या खुणा, उत्तर नाही. मग त्यांचा फोन आला.

"वाचलं तुझं. लांबण लावलंस. पण मला एक सांग, नांगरटीनंतर तुझा मामा रोटाव्हेटर मारतो, ते तरी खरं नाव ना? का त्याचीही कुठली कंपनी निघते?"

निघते. रोटाव्हेटर हे हॉवर्ड कंपनीचं व्यापारचिन्ह. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या ऑस्ट्रेलियन माणसाने न्यू साउथ वेल्समधल्या शेतावर फिरत्या पात्यांची मशागत करून पाहिली होती, पुढे इंग्लंडमध्ये कंपनी काढली. हे मी काकांना सांगितलं, आणि मामालाही, रविवारी गेलो तेव्हा.

"असू दे की," मामा म्हणाला. "आम्ही तर रोटर म्हणतो."